मोडीत घालण्याआधी

पुणे,
श्रावणातला दुसरा आठवडा

प्रिय चिमे,

परवा रात्री तुझा निरोप ऐकला. साताऱ्याचं घर विकायचं ठरलंय, तुझा दादा काकूंची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालणार आहे, आणि मी हल्ली जुन्या बाजारातल्या वस्तू आणून, नीट करून विकते हे तुझ्या कानावर आलंय. म्हणून तू विचारलंस, "किलोला किती येतील गं?" आकडा फोनवरही सांगता आला असता. पण तुझ्या प्रश्नातला 'किलोला' हा शब्द मला दोन दिवस टोचतोय, आणि त्याचं उत्तर लांबलचक आहे. शिवाय सध्या हात मोकळे आहेत. आठ दिवस पावसानं उघडीप दिलेली नाही. अशा दमट हवेत लाखेचं पॉलिश केलं की लाकडावर पांढुरकी साय धरते, म्हणून दोन खुर्च्या आणि एक टीपॉय चादरीखाली झाकून ठेवलेत. तुझ्याकडे ऑकलंडला आता थंडी असेल. चहा घेऊन बैस आणि सावकाश वाच.

या कामाची सुरुवात कशी झाली ते तुला कधी सांगितलंच नाही. बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या गल्लीतला शेवटचा वाडा पाडला. सागवानी खांब, तुळया, दरवाजे ट्रकमध्ये चढले आणि भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले. लाकूड म्हणून ज्याला भाव नव्हता ते सगळं, म्हणजे फडताळाची दारं, पाट, चौरंग, देवघराचा तुटका कळस, एक लंगडी खुर्ची, हातगाडीवर लादलं गेलं. गाडीवाल्याला विचारलं, "कुठे नेताय हे?" तो म्हणाला, "जुन्या बाजारात." पुढच्या रविवारी मी मंगळवार पेठेत गेले आणि तीच खुर्ची साडेचारशे रुपयांना घेऊन आले. त्या वाड्यातल्या आजी तिच्यात बसून शेंगा सोलायच्या, एवढंच घेण्याचं कारण. ती नीट करायला मला दीड महिना लागला. ती विकली नाही, आत्ता तिच्यातच बसून लिहितेय. पण ती करता करता लक्षात आलं, की हे काम माझ्या हाताला येतंय.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तरटावर, प्लॅस्टिकच्या कागदावर माल पसरलेला असतो. नळाच्या तोट्या, चाव्यांचे जुडगे, पान्हे, बंद पडलेले मिक्सर, गंजलेले अडकित्ते, शिवणयंत्राचे नुसतेच बिडाचे पाय. नवखा माणूस दुपारी जातो. माल ओळखणारे सकाळी गाठोडी सुटत असतानाच उभे असतात. मुंबईत तर याहून लवकर. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच शुक्रवारी पहाटे अंधारात आसपासच्या रस्त्यांवर जुम्मा बाजार भरतो. बॅटरीच्या उजेडात वस्तू पाहायच्या, तिथल्या तिथे सौदा करायचा. दोनदा गेले, पण मला पुण्याचाच बाजार मानवतो. इथले चार-पाच विक्रेते आता ओळखीचे झालेत. पितळ आलं की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

माझ्या पिशवीत एक चुंबक, एक बॅटरी, भिंग, मोजपट्टी आणि जुन्या धोतराचं फडकं असतं. लोकांना वाटतं नफा विकताना होतो. मला तो घेताना होतो, बाजारात उकिडवं बसून वस्तू उलटी करून पाहताना. चुंबक पितळेला चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. कांशाच्या ताटलीला टिचकी मारली की नाद लांबत जातो, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. लाकडाचा नेहमी तळ पाहायचा, कारण वरून सगळी लाकडं रंगाखाली सारखीच दिसतात आणि तळाला रंग लावायचे कष्ट कुणी घेत नाही. तिथे नखाने खरवडलं की सागाचा तो तेलकट वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. कडेला कागदासारखे थर दिसले की प्लाय.

आणि भोकं पाहायची. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून ताजं, पिवळट पीठ गळत असेल तर भुंगा आत जिवंत आहे. हे मी बावीसशे रुपये घालवून शिकले. एक दिवाण घेतला, सुंदर कोरीव पायांचा. विकणाऱ्याने पीठ पुसून ठेवलं होतं. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी फरशीवर पिठाच्या बारीक ढिगल्या दिसल्या. औषध घालून पाहिलं, सुया टोचून पाहिलं, पण पाय आतून पोकळ झालेले. शेवटी तो जळणात गेला. तेव्हापासून संशय आला तर मी वस्तू हलवते, ठोकते आणि काळ्या कागदावर पीठ पडतंय का पाहते.

एक काम तुला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, म्हणजे माझे दिवस कसे जातात ते कळेल. माघात चार खुर्च्या मिळाल्या. वेताच्या बैठकीच्या, पण वेत फाटलेला आणि त्यावर प्लायचे तुकडे ठोकलेले. अंगभर शेंदरी ऑइलपेंट आणि टवका उडाला होता तिथे खालून हिरवा. तळ खरवडला, साग होता. नऊशेला एक, अशा चारही घेतल्या.

रंग काढायचा म्हटलं की लोक थेट पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतात. तसं करू नये, चिमे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. ती धूळ श्वासातून, हातातून पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करते. म्हणून मी रिमूव्हर लावते, रंग फुगून सुटला की पात्याने ओलाच खरवडते, नातू घरात नसताना, मास्क आणि हातमोजे घालून. शेंदरी गेला, हिरवा गेला, आणि खाली जुनं लाखेचं पॉलिश निघालं. त्या दिवशी दुपारी जेवायला उठवेना.

सांधे खिळखिळे होते. जुने सुतार लाकूड सरसाने जोडायचे. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. त्याला ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर थोडा वेळ धरलं की लाकूड न फाटता खुर्ची उघडते. फेव्हिकॉलचा सांधा असा उघडत नाही, तिथे लाकूडच फाटतं. मी पुन्हा सरसच लावते. पन्नास वर्षांनी जो कोणी ही खुर्ची दुरुस्त करेल, त्यालाही ती उघडता आली पाहिजे.

वेत मी विणत नाही. ते काम एक अंध कारागीर करतात. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवतात, मग आधी उभ्या, मग आडव्या, मग दोन्ही बाजूंनी तिरक्या. बोटाने भोकं मोजत जातात आणि एकही चुकत नाही. एका बैठकीला दोन दिवस घेतात. मी शिकून घेऊ शकले असते आणि पैसेही वाचले असते. पण माझ्यासाठी हे निवृत्तीनंतरचं काम आहे आणि त्यांचं घर त्यावर चालतं, म्हणून तो विचार मी केला नाही.

आणि पॉलिश. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी वस्त्रगाळ करायची. सुती कापडात कापूस बांधून गोळा करायचा, त्याला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावायचा आणि अगदी पातळ हात फिरवायचा. वाळू द्यायचा, पुन्हा फिरवायचा. असे बारा-पंधरा हात. ही लाख म्हणजे इवल्या किड्यांनी झाडाच्या फांदीवर केलेली राळ आहे. झारखंडात पळसावर आणि कुसुमावर तिची शेती होते. बाजारात मेलामाइनचं पॉलिश मिळतं, ते जास्त टणक. लाखेवर गरम कप ठेवला तर डाग पडतो, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. पण लाखेवरचा डाग एका हाताने भरून निघतो, मेलामाइन उडालं तर सगळंच खरवडावं लागतं.

तू हिशेबाची पक्की, म्हणून हिशेबही घे. खुर्च्या ३६००, टेम्पो ५००, रिमूव्हर, पॉलिश पेपर, लाख, स्पिरिट मिळून १४५०, वेत चारचे ४४००. एकूण ९९५०. चारही खुर्च्या एकाच घरात गेल्या, ५५०० ला एक, म्हणजे २२,०००. हातात राहिले १२,०५०. माझे तास मी वहीत मांडते, ते चव्वेचाळीस झाले. ताशी पावणेतीनशेच्या आसपास. बँकेतल्या पगाराशी तुलना केली तर थोडे आहेत, पण दिवाणासारखे घाटे धरूनही गेल्या वर्षी एकंदरीत पुढेच राहिले. या धंद्यात जे बुडतात ते बहुतेक आपले तास न मांडल्यामुळे बुडतात. वस्तू तिप्पट भावाला गेली म्हणून खूश होतात आणि तिच्यावर महिना गेलाय हे धरत नाहीत.

लाकडाचं झालं. आता भांड्यांकडे येते, कारण तुझा प्रश्न तोच आहे.

पितळेचं भांडं हातात आलं की पहिली इच्छा होते ती चकचकीत करण्याची. मीही सुरुवातीला तेच केलं. बफिंगच्या चाकावर धरलं की पाच मिनिटांत सोन्यासारखं होतं. पण ते चाक मळाबरोबर धातूही खातं. ठोक्यांच्या खुणा बुजतात, काठाची धार गोल होते. आपल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम होतं ते तू पाहिलं आहेस. हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी बसवत तांबट भांड्याला अंग आणतो. आकार सुबक दिसतोच, आणि ठोक्याने पत्रा कडकही होतो. चाकाने ते ठोके घासून काढले की राहतो नुसता पिवळा पत्रा. ओळखणारा माणूस असं भांडं हातात घेऊन परत ठेवतो. माझी पहिली तीन घंगाळं अशीच गेली, कारखान्यातून आल्यासारखी दिसणारी, आणि त्यांना भावही तसाच आला. आता मी चिंच, मीठ आणि मऊ फडकं, एवढंच वापरते. सांदीतला हिरवा कळक काढते, अंगावरचा तपकिरी रंग राहू देते. असं भांडं दुपटीने जातं.

ज्यात लोक स्वयंपाक करणार त्याला कल्हई हवीच. नाहीतर आमटी, ताक कळकतं, हे तुला सांगायला नको. आमचे कल्हईवाले चाचा महिन्यातून एकदा भाता घेऊन येतात. भांडं कोळशावर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरकन फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे अख्खं काम त्या थोड्याशा क्षणांचं. चाचा म्हणतात पूर्वी त्यांना गल्लीतून पुढे सरकायला दुपार व्हायची. आता माझ्यासारखी चार-पाच माणसं आहेत, त्यांच्यासाठी ते येतात. मी त्यांच्याशी कधीच घासाघीस करत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी एवढी पानं लिहिली. भांड्यांवरची नावं.

तुला आठवतं ना, भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायचे. छोटी छिन्नी आणि हातोडी, टिक टिक टिक, ठिपक्याठिपक्यांचं अक्षर. लग्नकार्यात भांडी एकमेकांच्या घरी जायची, ती ओळखून परत यावीत म्हणून. माझ्या हातून गेल्या चार वर्षांत शेकडो नावं गेली असतील. 'मुंजीप्रीत्यर्थ', 'डोहाळजेवणाची भेट', 'यांच्या स्मरणार्थ'. कधी तारीख, कधी गाव. काही मापटी आणि शेर तर अशी, की ज्यांच्यावर सरकारी छाप आहेत. आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापं आली आणि ही जुनी सगळी घरातल्या तांदळाच्या डब्यात जाऊन बसली.

नाव असलेलं भांडं पाहिलं की बरीच गिऱ्हाइकं म्हणतात, "हे तेवढं घासून काढता येईल का?" त्यांना दुसऱ्या कुणाचं नाव घरात नको असतं. घासून काढता येतं, दहा मिनिटांचं काम आहे. मी काढत नाही. यावरून माझे सौदे मोडलेत, एकदा तर सात हजारांचा बंब परत गेला. का काढत नाही, ते सांगते. आपल्या आजीच्या, आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांची नावं लग्नात बदलली. ताम्हणातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. रेशनकार्डावर नवं, मतदारयादीत नवं, मृत्यूच्या दाखल्यावर नवं. माहेरचं नाव उरलं ते माहेरहून आलेल्या भांड्यावर. त्या बाईचं ते नाव लिहिलेली जगातली एकमेव जागा कदाचित ती घागर असते. ती मी चाकावर कशी धरू?

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात शाळेची सहल गेली होती, आठवतं? दिनकर केळकरांनी घरोघर, गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो संग्रह उभा केला. तेव्हा आपल्याला ती सगळी अडगळ वाटली होती. आता मी तिथे वर्षातून दोनदा तरी जाते, वस्तू कुठल्या काळातली असेल याचा अंदाज घ्यायला. साध्या घरातल्या बाईच्या हातातली वस्तू जपण्याच्या योग्यतेची असते, हे त्यांनी फार आधी ओळखलं.

पुसण्यावरून आणखी एक सांगते, कारण यात मी फसले. एक जुनं स्विस घड्याळ घेतलं. डायल इतकी ताजी, इतकी झळझळीत, की मी हरखून गेले. घड्याळवाल्या काकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "ताई, मशीन जुनं आहे, पण चेहरा नवा रंगवलाय. अक्षरं बघा, एका रेषेत नाहीत. काटेही दुसऱ्याच घड्याळाचे." असा माल इतका निघतो, की परदेशातल्या शौकिनांनी त्याला 'मुंबई स्पेशल' हे नावच देऊन टाकलंय. डाग पडलेली मूळ डायल कुणीतरी पुसली आणि घड्याळाची किंमतही तिच्याबरोबर पुसली गेली. मी ते विकलं, पण सोबत चिठ्ठी दिली: मशीन जुनं, डायल रंगवलेली, काटे बदललेले. आठशे रुपये तोट्यात गेलं. घेणाऱ्या मुलाने ती चिठ्ठी जपून ठेवली, आणि पुढे त्याच्या वडिलांचं एचएमटी जनता माझ्याकडे घेऊन आला. बंगळूरच्या एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला सुरुवात केली होती. जनता म्हणजे सतरा खड्यांचं, रोज चावी द्यायचं, साधं आणि चिवट. डायलवर वडिलांच्या घामाचा डाग होता. मशीन साफ केलं, तेल दिलं, डाग तसाच ठेवला. तेव्हापासून प्रत्येक वस्तूबरोबर मी चिठ्ठी देते: मूळचं काय, बदललेलं काय, लपलेला दोष कोणता. या चिठ्ठीने माझी जेवढी गिऱ्हाइकं जोडली तेवढी कुठल्याच फोटोने जोडली नाहीत.

काही गोष्टी मी घेत नाही. देवाचे टाक आणि मूर्ती घेत नाही. कुणाच्या देवघरातून, कशा आल्या ते कळत नाही. हस्तिदंत असेल तर हातही लावत नाही, त्याच्या व्यापाराला देशात बंदी आहे. आणि मागे तू म्हणाली होतीस ना, एखादी जुनी मूर्ती मिळाली तर पाठव? ते होणार नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते, ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. एका कपाटाच्या चोरकप्प्यात मला लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद मिळाले होते. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला रद्दी आहे, ठेवा. मी ते भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दिले. इतिहासकार राजवाड्यांनी १९१० मध्ये मंडळ काढलं ते अशा दप्तरांसाठीच. कागद बहुतेक जमिनीच्या व्यवहाराचे असावेत, पण ते माझ्या वहीत नफा-तोट्याला धरायचे नव्हते.

आणखी एक आठवण देते, मग काकूंच्या भांड्यांकडे. आपल्या लहानपणी दुपारी बोहारीण यायची. जुन्या साड्या, पँटी घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. आपल्या आया तिच्याशी तासन्तास घासाघीस करायच्या. ती ते कपडे घरी नेऊन काय करायची, हे मला या धंद्यात आल्यावर कळलं. वाघरी समाजाच्या या बायका कपडे निवडायच्या, उसवलेलं शिवायच्या, बटणं लावायच्या, धुऊन इस्त्री करून बाजारात बसायच्या. मी आज जे करते ते त्या पिढ्यान् पिढ्या डोक्यावर बोचकं घेऊन करत आल्या. माझ्या कामाला लोक कला म्हणतात, फोटो काढतात. त्यांच्या कामाला कुणी कधी नाव दिलं नाही. याचं मला वाईट वाटतं.

आता साताऱ्याचं. सगळंच ठेव असं मी म्हणत नाही. भोक पडलेली पातेली, पत्र्याचे डबे, चेपून पार वाकडी झालेली तपेली मोडीत जाऊ देत. त्यांना काट्यावरच किंमत आहे आणि धातू वितळून पुन्हा कामी येतो. पण माझ्या आठवणीत त्या माळ्यावर एक मोठा तांब्याचा बंब आहे, कांशाच्या सहा वाट्या आहेत, झाकणाचा पितळी पानपुडा आहे, आणि काकूंचा सोऱ्या. यांतलं काहीही काट्यावर चढवू नका. बंबाला खालून भोक पाडून दिवा करायची हल्ली टूम निघालीय, कुणी तसं सुचवलं तर देऊ नका. वस्तू विकायच्याच असतील तर मी प्रत्येकीला घर शोधून देईन. जे येईल ते तुझं आणि दादाचं, माझा फक्त कल्हईचा खर्च.

आणि ती घागर. नववीत असताना मी तुमच्याकडे राहायला आले होते. पाणी भरताना काठाखाली बोट लागलं, खडबडीत. मी वाचलं आणि काकूंना विचारलं, हे कुणाचं नाव? काकू पदराने घागर पुसत म्हणाल्या, "माझंच." तू तेव्हा आत अभ्यासाला बसली होतीस. तुला ते नाव माहीत आहे का, हे मी तुला कधी विचारलं नाही. लग्नाआधीचं त्यांचं नाव त्या घरात कुणी घेताना मी ऐकलं नाही.

दादाला आजच फोन कर. मोडवाला येणार असेल तर त्याला पुढच्या आठवड्यावर ढकल म्हणावं. आणि काही घासू नका, चिंच-राखही नको. शनिवारी सकाळच्या एसटीने मी स्वारगेटहून साताऱ्याला निघते आहे.

तुझीच,
शाळेतली बाकसोबतीण